प्रश्नोत्तरं: डेटाबेसमधला डेटा फाइलमध्ये उतरवताना

या वेळचे सगळे प्रश्न डेटाबेसमधून सीएसव्ही (कॉलम स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) किंवा एक्सेल फाइल काढण्याबद्दलचे आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ऑरॅकल ही डेटाबेस प्रणालींची नावं आहेत. आज्ञा आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांतच लिहावीत. बहुतेक पत्रांत एक माहिती राहून गेली होती: फाइल शेवटी उघडणार कोण? एक्सेलमध्ये बसलेला माणूस, की दुसरा एखादा प्रोग्रॅम? त्यावरून उत्तर बदलतं, म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत.

प्रश्न: पोस्टग्रेएसक्यूएलमधून काढलेली सीएसव्ही नोटपॅडमध्ये नीट दिसते. तीच एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात. डेटा खराब झाला का?

नाही, डेटा शाबूत आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या लिहिता येणाऱ्या पद्धतीत आहे आणि एक्सेल ती विंडोजच्या जुन्या कोडपेजने (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याच्या कोष्टकाने) वाचतंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अक्षर असो वा मात्रा, तीन बाइटांचं असतं. ‘म’ म्हणजे ई०, ए४, एई. कोडपेज १२५२ याच तीन बाइटांना तीन स्वतंत्र अक्षरं समजतं. त्यामुळे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्यामागे कधी चार शेपट्या फुटलेलं वर्तुळ येतं, तर कधी येनचं चिन्ह. हा नमुना दिसला की निदान पक्कं. मात्र अशा अवस्थेत एक्सेलमध्ये ‘सेव्ह’ दाबू नका. तो कचराच फाइलमध्ये लिहिला जाईल.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर मामला वेगळा. याचा अर्थ वाटेत कुठेतरी मजकूर अशा कॅरॅक्टर सेटमध्ये बदलला गेला की ज्यात देवनागरी नाही. फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली आहेत आणि त्यांतून नाव परत मिळणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनवारकॅर या युनिकोड मजकुराच्या प्रकाराऐवजी साधा वारकॅर कॉलम, किंवा ऑरॅकलमध्ये कॅरॅक्टर सेट ठरवणारं एनएलएस_लँग चुकीचं असणं, ही नेहमीची कारणं. आधी डेटाबेसमध्ये मूळ नोंद पाहा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर एक्सपोर्टला दोष देण्यात अर्थ नाही. आणि चौकोनी डबे दिसत असतील तर उणीव फक्त फॉन्टची आहे, बाकी काही बिघडलेलं नाही.

पहिल्या प्रकारावर दोन उपाय आहेत. फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट असले, म्हणजे ज्याला बॉम म्हणतात ते असलं, की एक्सेल फाइलला यूटीएफ-८ म्हणून ओळखतं. पोस्टग्रेएसक्यूएलची कॉपी आज्ञा ते लिहीत नाही. लिनक्सवर प्रिंटएफने हे तीन बाइट आधी फाइलमध्ये घालायचे आणि एक्सपोर्ट त्यांच्यामागे जोडायचा; पायथनमध्ये एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहिलं की काम होतं. पण हीच फाइल प्रोग्रॅम वाचणार असेल तर बॉम नको. ते तीन बाइट पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात, आणि डोळ्यांना ‘आयडी’ स्पष्ट दिसत असताना प्रोग्रॅम ‘आयडी नावाचा कॉलम नाही’ म्हणून थांबतो.

दुसरा उपाय म्हणजे डबल क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेणं आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड निवडणं. पुढच्या प्रश्नालाही हाच रस्ता लागतो.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक: विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘पेक्षा मोठं’ या चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते. आज्ञेलाच फाइलचं नाव देता येत असेल तर तसंच द्यावं.

प्रश्न: ग्राहक क्रमांक ००४५१२ चा ४५१२ होतो, १६ आकडी क्रमांकाच्या शेवटी शून्य येतं, आणि ‘३-४’ या मालाच्या कोडची तारीख बनते. कॉलम डेटाबेसमध्ये वारकॅर, म्हणजे मजकुराचा आहे. सीएसव्हीत अवतरणचिन्हं घालूनही फरक पडत नाही.

पडणारही नाही. सीएसव्हीत कॉलमचा प्रकार लिहिण्याची सोयच नाही. अवतरणचिन्हं फक्त ‘हा मजकूर इथून इथपर्यंत’ एवढंच सांगतात. उघडताना एक्सेल प्रत्येक पेशीकडे पाहून अंदाज बांधतं: आकड्यासारखं दिसलं की आकडा, तारखेसारखं दिसलं की तारीख. आकड्याची अचूकता १५ अंकांपर्यंतच असते, म्हणून १२३४५६७८९०१२३४५६ चं १२३४५६७८९०१२३४५० होतं. शेवटचा ६ त्या शीटमध्ये उरलेलाच नसतो. पेशीचा फॉरमॅट नंतर ‘टेक्स्ट’ करून तो परत येत नाही. लोक नेमके तिथेच तासभर घालवतात.

ही अडचण इतकी जुनी आहे की मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये थेट नावंच बदलल्याचं जाहीर केलं. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ या संक्षेपांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या, म्हणून त्यांचं ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ झालं.

आयात करताना ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’च्या खिडकीत ‘डेटा टाइप डिटेक्शन’ असतं. मूळ सेटिंग पहिल्या २०० ओळींवरून अंदाज बांधण्याचं आहे. ते बदलून ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ करा. सगळे कॉलम मजकूर म्हणून येतील. मग ज्यांची बेरीज करायची तेवढेच कॉलम ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन आकडे करा. अंदाज चालू ठेवून नंतर एखादा कॉलम टेक्स्ट करायला गेलात तर एक्सेल विचारतं: चालू पायरी बदलू की नवी जोडू? तिथे ‘रिप्लेस करंट’च घ्या. नवी पायरी जोडली तर आधी शून्यं उडतात आणि मग उरलेल्याचा मजकूर होतो. २०० ओळींच्या अंदाजाचा आणखी एक फटका बसतो. पहिल्या २०० नोंदींत कोड निव्वळ आकडी असले आणि २०१व्यात ‘ए’ आला, तर त्या पेशीत एरर येते आणि शीटवर ती पेशी रिकामी उतरते.

एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ या वाटेने ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ बंद करता येतं. पण ते तुमच्या संगणकावर. फाइल ज्यांना पाठवली त्यांच्याकडे ते चालूच असणार. काही जण सीएसव्हीत बरोबरचं चिन्ह आणि अवतरणांत आकडा असं सूत्र लिहितात. एक्सेलमध्ये ते चालतं, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला ती फाइल निकामी होते. घेणारा माणूस एक्सेलच वापरणार हे पक्कं असेल तर सीएसव्हीचा हट्ट सोडावा आणि थेट एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइल बनवावी. ओपनपायएक्सेल किंवा एक्सएलएसएक्सरायटर या पायथन लायब्ररींनी पेशीत मजकूर म्हणून लिहिलेलं ००४५१२ तसंच राहतं, कारण त्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक पेशीचा प्रकार नोंदलेला असतो.

प्रश्न: मायएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट … इंटू आउटफाइल’ चालवलं की ‘सिक्युअर-फाइल-प्रिव्ह’ची एरर येते. एका दुसऱ्या सर्व्हरवर चाललं, पण फाइल माझ्या संगणकावर कुठेच सापडत नाही.

दोन्हींचं मूळ एकच आहे. ही फाइल डेटाबेसचा सर्व्हर स्वतःच्या डिस्कवर लिहितो. तुमच्या संगणकाशी तिचा काही संबंध नाही, म्हणून ती तिथे सापडणारही नाही. सर्व्हरने कुठेही फाइली लिहू नयेत यासाठी ‘सिक्युअर_फाइल_प्रिव्ह’ हा अडसर आहे. ‘शो व्हेरिएबल्स लाइक’ने त्याची किंमत पाहा. एखादा फोल्डर दिसला तर फक्त त्या फोल्डरात लिहिता येतं. नल (डेटाबेसमधली ‘किंमतच नाही’ ही खूण) असेल तर आयात-निर्यात पूर्ण बंद. रिकामी असेल तर कुठेही. चालत्या सर्व्हरवर ती बदलत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये बदलून सर्व्हर पुन्हा चालू करावा लागतो. शिवाय वापरकर्त्याला ‘फाइल’ हा हक्क हवा, आणि त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर मायएसक्यूएल ती पुसून वर लिहीत नाही, सरळ नकार देतं.

एवढं करून मिळालेल्या फाइलला हेडरची ओळ नसते. डिलिमिटर, म्हणजे कॉलम वेगळे करणारं चिन्ह, मूळचा टॅब असतो आणि नलच्या जागी बॅकस्लॅश आणि मोठ्या लिपीतला एन येतो. खरी फसगत पुढे आहे. सीएसव्हीच्या नियमाप्रमाणे अवतरणचिन्ह दुप्पट व्हावं म्हणून बरेच जण ‘एस्केप्ड बाय’मध्ये दुहेरी अवतरणचिन्ह देतात. मायएसक्यूएल नल लिहिताना एस्केपचं चिन्ह आणि त्यापुढे ‘एन’ लिहितं. म्हणजे प्रत्येक नलच्या जागी एक सुटं अवतरणचिन्ह पडतं, आणि वाचणारा प्रोग्रॅम पुढचं अवतरण सापडेपर्यंत सगळं एकाच पेशीत ओढत जातो. असं लिहायचं असेल तर नल येऊ शकणारा प्रत्येक कॉलम ‘इफनल’ या नलऐवजी दुसरी किंमत देणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळा. ‘कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४’ही स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर काहीही रूपांतर होत नाही, आणि वेगवेगळ्या कॅरॅक्टर सेटचे कॉलम एकाच फाइलमध्ये सरमिसळ होऊन उतरतात.

बहुतेकांना याची गरजच नसते. आपल्या संगणकावरून ‘मायएसक्यूएल --बॅच’ने क्वेरी चालवून आउटपुट फाइलमध्ये वळवलं की हेडरसकट टॅबने विभागलेली फाइल मिळते. मजकुरातले टॅब आणि नव्या ओळी बॅकस्लॅश-टी, बॅकस्लॅश-एन (अक्षरं लहान लिपीत) अशा लिहिल्या जातात, आणि नलच्या जागी ‘नल’ हा शब्द येतो, एवढं लक्षात ठेवायचं.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हाच भेद ‘कॉपी’ आणि ‘\कॉपी’ यांच्यात आहे. पहिली सर्व्हरवर लिहिते आणि तिला सुपरयूजर किंवा ‘पीजी_राइट_सर्व्हर_फाइल्स’ ही भूमिका लागते. बॅकस्लॅशवाली ही पीएसक्यूएल या कमांड लाइन प्रोग्रॅमची स्वतःची आज्ञा आहे. फाइल तुमच्याकडे, तुमच्या हक्कांनी लिहिली जाते. ती मात्र एकाच ओळीत बसवावी लागते. क्वेरी लांबलचक असेल तर तिचा तात्पुरता व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) बनवा आणि ‘\कॉपी’त फक्त ‘सिलेक्ट * फ्रॉम’ आणि त्या व्ह्यूचं नाव लिहा.

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतून ‘सेव्ह रिझल्ट्स अॅज’ करून घेतलेल्या फाइलमध्ये काही ओळींचे कॉलम एकेक घर उजवीकडे सरकतात. बीसीपी या कमांड लाइन साधनानेही तेच.

त्या ओळींच्या मजकुरात स्वल्पविराम आहे. नियम असा की मजकुरात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तर पूर्ण मजकूर दुहेरी अवतरणांत घालायचा आणि आतलं अवतरण दोनदा लिहायचं. बरोबर लिहिलेली ओळ अशी दिसते:

४१२,"पडदा, निळा, ५४"" रुंद",१८

मधला मजकूर म्हणजे: पडदा, निळा, ५४" रुंद. इंचाचं चिन्ह हे या बाबतीतलं नेहमीचं दुखणं. मालाच्या वर्णनात ते हमखास असतं आणि चाचणीच्या डेटात कधीच नसतं.

मॅनेजमेंट स्टुडिओत अवतरणं घालण्याचा पर्याय आहे, पण तो बंद असतो. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘क्वेरी रिझल्ट्स’, ‘एसक्यूएल सर्व्हर’, ‘रिझल्ट्स टू ग्रिड’ इथे जाऊन अवतरणांचा आणि हेडर घेण्याचा असे दोन्ही चौकोन टिक करा. नंतर क्वेरीची नवी खिडकी उघडा. जुन्या खिडकीला बदल लागू होत नाही.

बीसीपीकडे अवतरणांची सोय नाही आणि हेडरचीही नाही. तिथे दोन मार्ग. मजकुरात कधीच येणार नाही असा डिलिमिटर लहान लिपीतल्या ‘-टी’ला द्या, उभी रेघ किंवा दोन-तीन चिन्हांची जोडी. किंवा क्वेरीतच अवतरणं घाला: ‘रिप्लेस’ने आतलं अवतरण दुप्पट करा आणि दोन्ही टोकांना एकेक जोडा. यासाठी ‘क्वोटनेम’ वापरायचा मोह होतो, दिसतं सुटसुटीत. पण १२८ अक्षरांपेक्षा मोठा मजकूर दिला की ते मुकाट्याने नल परत करतं. लांब वर्णनं फाइलमधून गायब होतात आणि एररही येत नाही. टाळा.

मजकुरातल्या नव्या ओळी अवतरणांत असतील तर नियमाप्रमाणे चालतात, पण साधे प्रोग्रॅम त्यांवर अडखळतात. फाइल अशा कुणाकडे जाणार असेल तर कॅर(१३) आणि कॅर(१०) हे दोन्ही क्वेरीतच काढून जागा घाला. फक्त १० काढलं आणि १३ राहिला तर अर्धीच स्वच्छता होते.

प्रश्न: १८ लाख नोंदी आहेत. एक्सेल १०,४८,५७६ वर थांबतं. दोन फाइली कराव्यात का?

एक्सएलएसएक्सच्या एका शीटची मर्यादा तेवढीच आहे: १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. जुन्या एक्सएलएसची फक्त ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम. एका पेशीत ३२,७६७ अक्षरं मावतात. लांब शेरे किंवा जेसन असलेल्या कॉलमला हीही मर्यादा लागते. मोठी सीएसव्ही उघडल्यावर एक्सेल ‘फाइल पूर्ण उतरली नाही’ असं सांगतं. तो इशारा बंद करून त्याच नावाने सेव्ह केलं की उरलेल्या नोंदी मूळ फाइलमधूनही जातात.

हा धोका किती महाग पडू शकतो ते इंग्लंडमध्ये दिसलं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांचा डेटा जुन्या एक्सएलएस फाइलींत भरला जात होता आणि ओळी संपल्यावर पुढच्या नोंदी बाहेर राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्यांचा शोधही तेवढा लांबला.

दोन फाइली करता येतात, पण आधी विचारा: १८ लाख ओळी कुणी वाचणार आहे का? बहुधा त्या माणसाला महिन्याची, विभागाची बेरीज हवी असते. ती ‘ग्रुप बाय’ने डेटाबेसमध्येच करा आणि हजारभर ओळींची फाइल द्या. खरोखरच पूर्ण तपशिलावर पिव्होट फिरवायचा असेल तर एक्सेलच्या ‘गेट डेटा’मधून ‘ओन्ली क्रिएट कनेक्शन’ आणि ‘अॅड धिस डेटा टू द डेटा मॉडेल’ निवडा. डेटा मॉडेलला शीटच्या ओळींची मर्यादा लागू नाही. फाइली तोडायच्याच तर ओळींच्या आकड्यावर तोडू नका, महिन्यावर तोडा. नंतर एक महिना दुरुस्त करावा लागला तर तेवढीच फाइल पुन्हा काढता येते.

प्रश्न: नल आणि रिकामा मजकूर सीएसव्हीत वेगळे कसे ठेवायचे?

पोस्टग्रेएसक्यूएल ठेवतं: नलसाठी दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नाही, रिकाम्या मजकुरासाठी दोन अवतरणचिन्हं. पण एक्सेलला दोन्ही सारखेच, आणि ऑरॅकलमध्ये हा भेद मुळातच नाही. प्रोग्रॅम वाचणार असेल तर नलसाठी ठरावीक खूण ठरवून ती दोन्हीकडे लिहून ठेवा. माणूस वाचणार असेल तर रिकामं सोडा. फक्त आकड्यांच्या कॉलममध्ये नलचं शून्य करू नका: एक्सेलची सरासरी रिकामी पेशी सोडून देते, शून्य मात्र मोजते.

प्रश्न: फाइलमधल्या वेळा काही तासांनी पुढेमागे दिसतात.

सर्व्हर आणि तुमचं सेशन वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ आणि मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ सेशनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून बाहेर येतात. मायएसक्यूएलचा ‘डेटटाइम’ बदलत नाही. दोन्ही प्रकार एकाच टेबलात असले तर एक कॉलम सरकतो आणि शेजारचा जागेवर राहतो. एक्सपोर्टच्या सुरुवातीला सेशनचा टाइमझोन स्पष्ट सेट करा आणि कॉलमच्या नावातच तो लिहा, कारण एक्सेलच्या तारखेत टाइमझोन ठेवायला जागा नाही. तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने काढा. ०३/०४ मध्ये महिना कोणता हे फाइल घेणाऱ्याच्या संगणकाची सेटिंग ठरवते.

प्रश्न: आमचा पायथन प्रोग्रॅम मोठ्या टेबलावर मेमरी संपून मरतो. म्हणून ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ने ५०-५० हजारांचे तुकडे केले. आता काही नोंदी दोनदा येतात, काही येतच नाहीत.

‘ऑर्डर बाय’ नसेल तर ओळींचा क्रम डेटाबेस पाळेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची क्वेरी वेगळ्या क्रमाने ओळी देऊ शकते. ‘ऑर्डर बाय’ लावला तरी दोन तुकड्यांच्या मध्ये कुणी नोंद घातली किंवा काढली की पुढचं सगळं एक घर सरकतं. शिवाय ऑफसेट ४० लाख म्हटलं की डेटाबेस ४० लाख ओळी ओलांडून मगच द्यायला लागतो. म्हणून शेवटचे तुकडे रखडतात.

तुकडे करायचेच तर प्राथमिक कीवर करा: शेवटचा आयडी लक्षात ठेवा, पुढच्या वेळी ‘आयडी त्याहून मोठा, आयडीच्या क्रमाने, ५०,००० ओळी’. पण तुमच्या मूळ अडचणीला तुकडे हे उत्तरच नाही. बहुतेक ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररी) सगळा निकाल एकदम मेमरीत ओढतात, ते थांबवायला हवं. सायकॉपजी२ या पायथनच्या पोस्टग्रेएसक्यूएल ड्रायव्हरमध्ये कर्सरला (निकालातल्या ओळी वाचणाऱ्या ऑब्जेक्टला) नाव दिलं की तो सर्व्हरवर राहतो आणि ओळी थोड्याथोड्या येतात. जावात पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ऑटोकमिट बंद करून फेच साइझ द्यावी लागते. दोन्हींपैकी एक राहिलं तरी सगळं पुन्हा मेमरीत. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरला फेच साइझ म्हणून ‘इंटिजर.मिन_व्हॅल्यू’ द्यायची असते. विचित्र आहे, पण तसंच आहे. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनला ‘--क्विक’. पोस्टग्रेएसक्यूएलची कॉपी आज्ञा मुळातच ओळी वाहत्या ठेवते, त्यामुळे नुसती सीएसव्ही हवी असेल तर पायथनची मध्यस्थी कशाला, हाही प्रश्न विचारावा.

एक्सएलएसएक्स लिहितानाही मेमरी तशीच भरते. ओपनपायएक्सेलचा ‘राइट_ओन्ली’ मोड किंवा एक्सएलएसएक्सरायटरचा ‘कॉन्स्टंट_मेमरी’ पर्याय वापरा. या दोन्हींत ओळी वरून खाली क्रमानेच लिहाव्या लागतात.

अनेक टेबलं एकाच वेळची हवी असतील, उदाहरणार्थ बिलं आणि बिलांतल्या ओळी, तर सगळे एक्सपोर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेस एकसंध धरतो अशा आज्ञांच्या गटात) करा: पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘रिपीटेबल रीड, रीड ओन्ली’, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन विथ कन्सिस्टंट स्नॅपशॉट’. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मुख्य सर्व्हरवर असं ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं ठेवलं तर व्हॅक्यूम ही डेटाबेसची सफाईची प्रक्रिया जुन्या ओळी साफ करू शकत नाही. स्टँडबायवर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या राखीव प्रतीवर चालवलं तर ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ म्हणून क्वेरी मध्येच तोडली जाऊ शकते. ‘मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले’ची मूळ मर्यादा ३० सेकंद आहे, ती वाढवावी लागते.

प्रश्न: हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) रात्री शून्य बाइटची फाइल मिळते.

शेल आधी फाइल रिकामी करून उघडतं आणि मग आज्ञा चालवतं. म्हणजे शून्य बाइटचा अर्थ आज्ञा पडली एवढाच. का पडली ते पाहायला एरर आउटपुट वेगळ्या लॉगमध्ये घ्या. संशयित तसे ठरलेलेच. क्रॉनचा पाथ तोकडा असतो, म्हणून प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालायला टक्के वापरले असतील तर प्रत्येकाआधी बॅकस्लॅश हवा, नाहीतर ती आज्ञा स्क्रिप्टमध्ये हलवा. पासवर्ड ‘.पीजीपास’मध्ये असेल तर त्या फाइलच्या परवानग्या ०६०० हव्यात. इतरांना वाचता येत असेल तर ती फाइल विचारातच घेतली जात नाही. पीएसक्यूएलला ‘-डब्ल्यू’ लहान लिपीत द्या, म्हणजे पासवर्ड विचारत न बसता ते लगेच एरर देईल.

आउटपुट पाइपने थेट जीझिप या फाइल आक्रसणाऱ्या आज्ञेकडे पाठवत असाल तर आणखी एक भोक आहे. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेचा धरला जातो, आणि जीझिप रिकाम्या इनपुटवरही यशस्वीच होतं. बॅशमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लावा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि यश आल्यावरच ‘एमव्ही’ने खरं नाव द्या, तेही त्याच डिस्कवर, दुसऱ्या डिस्कवर एमव्ही म्हणजे प्रत काढणं, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी अर्धी फाइल उचलतं.

प्रश्न: वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेला मजकूर सीएसव्हीत देण्यात सुरक्षेचा काही धोका आहे का?

आहे. पेशीची सुरुवात बरोबर, अधिक, वजा किंवा अॅट या चिन्हाने झाली तर एक्सेल तिला सूत्र समजतं, आणि सूत्रातून शेजारच्या पेशीतला डेटा बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारी लिंकही बनवता येते. लोकांनी भरलेल्या मजकुराच्या कॉलममध्ये अशी सुरुवात असेल तर आधी एकेरी अवतरण लावा. आकड्यांच्या कॉलमला हा नियम लावलात तर सगळ्या ऋण रकमांचा मजकूर होईल, तेवढं सांभाळा.

प्रश्न: एक्सपोर्ट पूर्ण झाला हे कसं तपासायचं? आम्ही ‘डब्ल्यूसी -एल’ने ओळी मोजतो, पण आकडा जुळत नाही.

अवतरणांतल्या नव्या ओळीही तो मोजतो, आणि हेडरही. सीएसव्ही समजणाऱ्या साधनानेच मोजा. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल चालेल. त्याहून सोपं म्हणजे फाइल एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये परत भरा. ३.३२ आवृत्तीपासून ‘.इम्पोर्ट --सीएसव्ही’ एका ओळीत काम करतं. टेबल आधी नसेल तर हेडरवरून ते बनवतंही. मग दोन्हीकडे तीच क्वेरी चालवा: एकूण नोंदी, रकमेची बेरीज, सर्वांत जुनी आणि नवी तारीख, आणि मजकुराच्या मुख्य कॉलमच्या लांबीची बेरीज. शेवटची बेरीज बहुतेक जण घेत नाहीत. पण कापलेली वर्णनं आणि उडालेली आघाडीची शून्यं तिच्यातच पकडली जातात. लांबी अक्षरांत मोजा, बाइटांत नको: मायएसक्यूएलचं ‘लेंग्थ’ बाइट मोजतं, ‘कॅर_लेंग्थ’ अक्षरं. मूळ बाजूचे आकडे एक्सपोर्टच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढून ठेवा, नाहीतर मधल्या काळात आलेल्या नोंदींमुळे चांगली फाइलही चुकीची वाटेल.